कुठं असेल माझं सारं गणगोत? : डेव्ह कुंभाराची बरणी आणि एक अडलेलं भाषांतर

रांजणखळगा

मंडळी, गेल्या आठवड्यात अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये एक प्रदर्शन बघून आले. दोन दिवसांत ते बंद होणार होतं, म्हणून धावतपळत गेले. "मातीची भांडी बघायला दीड तास गाडी चालवायची?" असं नवऱ्यानं विचारलं, आणि मग तोच एका बरणीपुढे वीस मिनिटं उभा राहिला.

साउथ कॅरोलिना राज्यात एजफिल्ड नावाचा भाग आहे. तिथली माती फार चांगली. 1810 नंतरच्या काळात तिथं दगडी भांड्यांचे कारखाने निघाले. मालक गोरे, राबणारे गुलामगिरीतले काळे लोक. माती खणणं, मळणं, चाक, लाकूडफाटा, भट्टी, सगळं तेच करायचे. बहुतेकांची नावंसुद्धा उरलेली नाहीत. एकाचं उरलं, कारण ते त्यानं स्वतः कच्च्या मातीवर कोरलं: डेव्ह.

डेव्हचा पहिला कागदोपत्री उल्लेख 1818 च्या एका गहाणखतात सापडतो. सतराएक वर्षांचा, 'इथंच जन्मलेला' मुलगा, नाव डेव्ह. आपण शेत गहाण टाकतो तसा पोरगा गहाण टाकलाय. पुढे एकामागून एक मालक बदलले. त्यानं केलेल्या बरण्यांवर तारीख, 'डेव्ह' ही सही, शेवटच्या मालकाची आद्याक्षरं आणि अधूनमधून चक्क दोन ओळींची यमक जुळवलेली कविता असते. अशा कवितांच्या चाळीसेक बरण्या आज माहीत आहेत.

मी जिच्यापुढे थबकले ती 16 ऑगस्ट 1857 ची. गुडघ्याला लागेल एवढी उंच, खांदे रुंद, रंग शेवाळी-तपकिरी, झिलई ओघळून मधेच थांबलेली. खांद्यावर वळणदार अक्षरात लिहिलंय. देवनागरीत उतरवते:

आय वंडर व्हेअर इज ऑल माय रिलेशन
फ्रेंडशिप टू ऑल, अँड एव्हरी नेशन

बास, एवढंच. मी पारनेरची. आमच्या घरी परसात अर्धा पुरलेला रांजण होता, त्याला तडा गेला तेव्हा आजीनं दोन दिवस कुणाशी धड बोलणं टाकलं होतं. त्यामुळे भांड्यावर जीव जडतो हे मला ठाऊक होतं. पण भांडं माणसाला काही विचारतं, हे पहिल्यांदाच पाहिलं.

तर काम असं आहे. लेकीला या दोन ओळी मराठीत सांगायला गेले आणि अडले. 'नातेवाईक' म्हटलं की लग्नाची पंगत डोळ्यांपुढे येते. तुम्ही करून बघता का?

साखरझोप

वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद रात्री देते. तोवर एक प्रश्न: गुलामांना लिहायला-वाचायला बंदी होती ना? मग हा माणूस उघड्यावर कविता कसा लिहायचा?

बे_दुणे_चार

घ्या, पहिलं भाषांतर माझं.

कुठे गेले माझे सगेसोयरे सारे
मैत्री असो अवघ्या जगाशी रे

साखरझोप, मालक भला असणार, म्हणून लिहू दिलं. सगळेच मालक काही चाबूक घेऊन उभे नसत. एकच बाजू बघू नये.

खापरपणतू

बेदु, ते शेवटचं 'रे' कुणाला हाक मारतंय? यमकाला काही सुचलं नाही की मराठी माणूस 'रे' लावतो.

आणि मालकाच्या भलेपणाबद्दल. साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं डिसेंबर 1834 मध्ये कायदा केला. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणारा गोरा असेल तर शंभर डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. शिकवणारा स्वतः गुलाम असेल तर पन्नासपर्यंत फटके. डेव्हची तारखेसकट सापडलेली सगळ्यात जुनी कवितेची बरणी त्याच वर्षीची आहे, 12 जुलै 1834. कायद्याच्या पाच महिने आधीची. त्यात त्यानं लिहिलंय की आत काय कोंबायचं ते कोंबा, चौदा मावतील. म्हणजे चौदा गॅलन. निरुपद्रवी हिशेब. त्यानंतर 1840 मध्ये तो लिहितो की डेव्ह हा मिस्टर माइल्सचा, जिथं भट्टी भाजते आणि हंडी उकळते. आणि मग थेट 1857 पर्यंत कवितेची एकही बरणी सापडत नाही. सतरा वर्षं! या काळात भांडी घडत होती, सहीसुद्धा काहींवर आहे, ओळी तेवढ्या नाहीत.

मालक भला असेल नसेल. गहाणखतात नाव घालणारे सगळेच घरी भले असतात.

थापटणं

मी गेली सहा वर्षं पुण्यात एका स्टुडिओत हात माखून घेतोय, पोट मात्र आयटीवर. तेव्हा तांत्रिक बाजूची थोडी भर घालतो.

साखरझोप यांचा प्रश्न बरोबर आहे, पण 'कसा लिहायचा' याचं उत्तर मातीतच आहे. चाकावरून उतरलेली माती इतकी ओली असते की काडी लावली तर ओरखडा बुजून जातो. पूर्ण वाळली तर कपचे उडतात. मधे एक अवस्था येते, कातड्यासारखी. बोट रुतत नाही पण नख उमटतं. हवेनुसार ती काही तासच टिकते. लिहायचं ते त्या वेळात, टोकदार काडीनं, एका दमात. खोडता येत नाही. म्हणजे शेडमध्ये सगळे वावरत असताना दिवसाढवळ्या लिहिलंय, आणि तेही तळाशी नाही तर खांद्यावर, पहिली नजर पडते तिथं. त्यानंतर ती बरणी झिलईत घातली, भट्टीत रचली, काढली, विकली. या सगळ्या हातांनी ते पाहिलेलं असणार. हे चोरून केलेलं काम नाही.

दुसरं, आकार. मला चार किलोच्या वर माती चाकावर मध्यात आणता येत नाही, खांदे भरून येतात. डेव्हनं 1859 मध्ये बॅडलर नावाच्या दुसऱ्या गुलाम कारागिराबरोबर केलेली एक बरणी चाळीस गॅलनच्या आसपासची आहे. दीडशे लिटर! चार्ल्सटनच्या संग्रहालयात आहे. असलं भांडं एका दमात चाकावर उभं राहत नाही. आधी तळ आणि खालचा भाग ओढायचा, तो जरा टणक होऊ द्यायचा, मग वर जाड वळ्या चढवत जायचं आणि चाक फिरवत त्या पातळ करायच्या. घाई केली की खालचा भाग वरच्या वजनानं बसतो. माझे तीन बसलेत, त्यातला एक मांडीवर.

भट्ट्याही तशाच. एजफिल्डजवळ पॉटर्सव्हिलला उत्खननात 105 फूट लांबीची भट्टी सापडली. ही घरगुती कुंभारकी नव्हती, कारखाना होता.

वैदर्भीण

मांडीवर?! 😄

बरं, एक अडाणी प्रश्न. आपला माठ आणि ही बरणी, दोन्ही मातीचीच ना? मग तिला 'दगडी भांडं' का म्हणता?

थापटणं

अडाणी नाहीच, मुद्द्याचा प्रश्न. आपल्या कुंभाराची भट्टी सात-आठशे, फार तर नऊशे अंशांपर्यंत जाते. माती भाजते, पण तिच्यात बारीक छिद्रं राहतात. म्हणून माठ पाझरतो आणि पाझरतो म्हणून पाणी गार होतं. एजफिल्डच्या भट्ट्या बाराशेच्या पुढे जायच्या. तिथं माती आतून वितळून दाटते, दगडासारखी होते. वर झिलई: लाकडाची राख किंवा चुना, माती, वाळू. शिसं नाही. त्या काळी शिशाची झिलई सर्रास चालायची आणि आंबट किंवा खारट पदार्थ ठेवला की शिसं पोटात. म्हणून ही राखेची झिलई मोलाची. अशी झिलई चीनमध्ये फार जुनी, अमेरिकेत मात्र ती या भागात रुजली.

या बरण्यांत खारवलेलं डुकराचं मांस, चरबी असलं वर्षभराचं सामान भरायचे. आपल्या लोणच्याच्या बरणीची थोरली बहीण म्हणा. डेव्हची एक कविता तर सरळ सांगते की चार कानांची मोठी बरणी आहे, ताजं मांस ठासून भरा आणि मेणबत्त्या लावा.

कोकणी_काजू

धागा छान. पण मूळ लेखात आणि प्रतिसादांत 'गुलाम कुंभार' वगैरे वाचून जरा खटकलं. 'गुलाम' ही काही जात नाही की व्यवसाय नाही. 'गुलामगिरीत ठेवलेला' म्हणा. आणि हल्ली अशा प्रदर्शनांच्या माहितीत 'स्थलांतर आणि ओळख' असा शब्द असतो तोही मला नीट वाटत नाही. आपण मुंबईला आलो ते स्थलांतर. रांजणखळगा अटलांटाला गेली तेही. यांना तर उचलून नेलं.

रांजणखळगा

काजू, 'गुलामगिरीत ठेवलेला' मान्य, मूळ लेखात तसंच करते. दुसऱ्या मुद्द्यावर तर शंभर टक्के. मी विमानात बसून, तिकीट कंपनीनं काढून, लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून आले. घरची आठवण येते तेव्हा फोन लावते. डेव्हच्या ओळीपुढे उभी असताना मला आईची आठवण आली, हे खरं. आणि त्याच क्षणी लाज वाटली, हेही खरं.

डेव्ह स्वतः जहाजातून आलेला नव्हता, 'इथंच जन्मलेला' होता. त्याच्या वेळची ताटातूट देशातल्या देशातच चालली होती. कापसाची शेती पश्चिमेला सरकत गेली तशी जुन्या राज्यांमधून माणसं अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे विकली गेली. 1790 ते 1860 या काळात दहाएक लाख. बायको एका मालकाची, नवरा दुसऱ्याचा, पोरं तिसऱ्याच्या वाटणीत. म्हणून 'रिलेशन कुठं आहे' हा प्रश्न 1857 मध्ये त्या शेडमधल्या कुणालाही समजावून सांगावा लागला नसता.

साखरझोप

रात्र झाली, आले. माझा प्रयत्न:

कुठे असेल हो माझे सारे गोत?
सर्व देशांशी मैत्रीची ज्योत

खापरपणतू

साखरझोप, राग मानू नका, पण ती ज्योत दिवाळीच्या शुभेच्छापत्रातून आली आहे. डेव्ह ज्योती लावत नाही. तो मांस, चांदी, पैसा, भट्टी यांच्याबद्दल बोलतो.

'गोत' मात्र सापडलं! मी सकाळपासून तिथंच घुटमळतोय. मूळ ओळ नीट बघा: 'व्हेअर इज ऑल माय रिलेशन'. 'आर' नाही, 'रिलेशन्स' नाही. लोक याला कच्चं इंग्रजी म्हणून सोडून देतात. पण मराठीत आपल्याकडे नेमका असाच शब्द आहे: गणगोत. एकवचनी, नपुंसकलिंगी, आणि त्यात आख्खी वाडी मावते. 'कुठं आहेत माझे नातेवाईक' म्हटलं की माणसं मोजता येतात: काका, मामा, आत्या. 'कुठं आहे माझं सारं गणगोत' म्हटलं की एक गठ्ठाच्या गठ्ठा हरवलेला असतो. डेव्हनं एकवचन चुकून वापरलं असेल नाहीतर तिथली बोलीच तशी असेल, पण मराठीत ते एकवचन जसंच्या तसं बसतं.

पहिली ओळ माझ्या मते झाली:
कुठं असेल माझं सारं गणगोत

दुसरी कुणीतरी द्या. 'गोत'ला यमक: पोत, झोत, ओत, स्रोत. सगळी निरुपयोगी.

वैदर्भीण

खोत 😛

वळवाचा_पाऊस

लंडनहून. भाषांतर माझा प्रांत नाही, पण थापटणं यांच्या माठ-बरणीवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या मागे एका कुंभारणीचं चित्र आहे. लादी क्वाली. ग्वारी समाजातल्या बायका चाक वापरत नाहीत. मातीच्या वळ्या रचतात आणि भांडं एका जागी ठेवून स्वतःच त्याच्याभोवती फिरतात. पाठ वाकवून, उलट्या पावलांनी. लादीचे घट मोठे, गोल, वर सरडे-विंचू कोरलेले. गवताच्या उघड्या आगीत भाजलेले, पाणी गार ठेवणारे. ब्रिटिश सरकारनं मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराला नायजेरियात नेमलं होतं, त्यानं अबुजाला कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. 1954 मध्ये लादी तिथं दाखल झाली. घडवणं तेच, हात तेच, सरडे तेच. पण आता भांड्यावर झिलई चढली आणि ते मोठ्या भट्टीत कडक भाजलं गेलं. झालं काय? घट पाझरायचा थांबला. पाणी गार होईना. पाण्याचा माठ म्हणून तो संपला आणि लंडनच्या दालनात कलाकृती म्हणून उभा राहिला. मला यात बरंवाईट ठरवता येत नाही. पण कारागिरी कुणाच्या सोयीनं 'कला' होते, याचं याहून नेमकं उदाहरण माझ्याकडे नाही.

याच अबुजाला 1974 मध्ये एक तरुण मुलगी शिकायला गेली, मॅग्डलीन ओडुंडो. जन्म 1950, नैरोबी. लहानपणीची काही वर्षं चक्क दिल्लीत, मग मोम्बासा, 1971 मध्ये इंग्लंड. आफ्रिकेतली मुलगी इंग्लंडला येऊन कला शिकते आणि आफ्रिकेतली कुंभारकी बघायला पुन्हा आफ्रिकेत जाते, तीही आपल्या देशात नाही, दुसऱ्याच. 2019 मध्ये वेकफिल्डच्या हेपवर्थ संग्रहालयात तिचं मोठं प्रदर्शन झालं, तिथं मी अर्धा दिवस काढला. झिलई अजिबात नाही. बारीक मातीचा लेप देऊन गोट्यानं घोटत राहायचं, इतकं की चामड्यासारखी चकाकी येते. एकदा भाजलं की नारिंगी-लाल. तेच पुन्हा धुरात, हवा कोंडून भाजलं की काळं. माती एकच, हवेनं रंग ठरतो. मान लांब, पोट एका बाजूला कललेलं. एका काळ्या घटाच्या पोटावर बेंबीएवढे उंचवटे होते, दोन-तीन, ओळीत. माझ्या शेजारच्या बाईनं नकळत आपल्या पोटावर हात ठेवला. हे मी बघितलंय.

मेथीचा_लाडू

वपा, सुरेख! वाचताना हात शिवशिवले.

अवांतर: आपल्याकडे निजामाबादची काळी भांडी असतात तीही धुरातच काळी करतात ना?

थापटणं

हो, उत्तर प्रदेशातलं निजामाबाद. तत्त्व तेच. हवा तोडायची, धूर कोंडायचा. घोटतातही.

कोकणी_काजू

मी परत आले, आणि या वेळी तक्रार नाही.

रांजणखळगा, त्या प्रदर्शनात आजच्या कलावंतांचंही काम होतं ना? सिमोन लीचं होतं का? मी तिच्यावर बरंच वाचलंय. जन्म 1967, शिकागो, आईवडील जमैकाचे. 2022 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिनं त्या खांबांच्या ऐटबाज इमारतीला वरून गवताचं छप्परच घातलं. 1931 मध्ये पॅरिसच्या वसाहतींच्या जत्रेत आफ्रिकेच्या नावानं जशा झोपड्या उभारल्या होत्या, तसं. म्हणजे तुम्ही आम्हाला असं दाखवलंत ना, घ्या मग, अमेरिकाच तशी दाखवते.

पण मला भिडल्या त्या तिच्या कवड्या. ती चिनी मातीच्या हातभर कवड्या करते आणि साचा म्हणून कलिंगड वापरते! अमेरिकेत काळ्या लोकांची टिंगल करायला कलिंगड वापरलं गेलं, आणि पश्चिम आफ्रिकेत माणसांचा सौदा ज्या चलनात व्हायचा त्यात कवडी होती. त्या कवड्या यायच्या कुठून? मालदीवहून. आपल्या समुद्रातून. युरोपच्या जहाजांत भरून टनांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. आपण दिवसातून दोनदा 'कवडीमोल' म्हणतो, भवानीआईच्या गळ्यात कवड्यांची माळ घालतो, आणि त्याच कवडीत तिकडे माणसाची किंमत मोजली गेली. त्या दिवसापासून मला 'कवडीमोल' हा शब्द सहज वापरता येत नाही.

रांजणखळगा

होती, सिमोन ली होती. थिएस्टर गेट्सही होता. हा शिकागोचा, आधी कुंभार, मग बाकी सगळं. मातीसाठी जपानच्या तोकोनामेला जाऊन राहिलेला, आणि डेव्हवर त्यानं 2010 मध्येच मिलवॉकीत काम केलं होतं.

पण मला त्या भागात धरून ठेवलं ते अदेबुन्मी बादेबो या मुलीच्या भांड्यांनी. वडील नायजेरियन. तिच्या आईकडचे पूर्वज साउथ कॅरोलिनात फोर्ट मॉटला 'ट्रू ब्लू' नावाच्या मळ्यावर राबले, तिथंच पुरले. ती तिथली माती खणून आणते आणि त्याच मातीची भांडी करते. काहींत माणसाचे केस आहेत, काळे कुरळे, मातीतून बाहेर आलेले. भांडी वेडीवाकडी, तडकलेली, मुद्दाम न सावरलेली. मी जवळ गेले आणि मागे सरले. नवरा म्हणाला, "हिनं तर पूर्वजांचंच भांडं केलंय." तो असं सहसा काही बोलत नाही.

चेहऱ्यांच्या सुरयांबद्दल लिहायचं राहिलं. वीतभर उंचीच्या छोट्या सुरया, त्यांवर माणसाचा चेहरा: डोळे बटबटीत, दात विचकलेले. डोळे आणि दात पांढऱ्या केओलिन मातीचे, बाकी अंग काळपट झिलईचं. कुणी केल्या त्यांची नावं नाहीत. 1858 च्या नोव्हेंबरमध्ये 'वाँडरर' हे जहाज जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागलं. परदेशातून गुलाम आणायला 1808 पासून बंदी असताना त्यात काँगोच्या मुलखातली चारशेवर माणसं होती. त्यातली बरीच जण एजफिल्डच्या परिसरात पोचवली गेली. काँगोत पांढरी माती ही पितरांच्या जगाची. म्हणून काही अभ्यासक या सुरयांचा संबंध तिकडच्या मंतरलेल्या मूर्तींशी जोडतात.

बे_दुणे_चार

वाचतोय सगळं. माझं ते 'भला मालक' जरा घाईत लिहिलं गेलं. मागे घेतो.

पण मग आपल्याकडचं काय? जंजिऱ्याचे सिद्दी? मलिक अंबर? त्यालाही इथिओपियातून विकत विकतच आणलं होतं, मूळ नाव चापू. आपण फक्त गनिमी कावा सांगतो.

रांजणखळगा

बेदु, मागे घेतलंस ते मनापासून आवडलं. सिद्दींवर स्वतंत्र धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देईन. इथं दोन्ही कोंबलं तर दोघांवर अन्याय होईल.

मेथीचा_लाडू

दुसरी ओळ:

कुठं असेल माझं सारं गणगोत
साऱ्या मुलखांशी मैत्र, मनी नाही खोट

गोत-खोट यमक नाही, माहीत आहे. मारू नका.

खापरपणतू

मारत नाही, उलट पाठीवर थाप. डेव्हची आपल्याला माहीत असलेली शेवटची कवितेची बरणी 3 मे 1862 ची, त्यात त्यानं 'क्रॉस'ला 'लॉस्ट' जुळवलंय. त्याला चाललं ते आपल्याला चालेल.

मला अडचण 'मनी नाही खोट'ची आहे. मूळ ओळीत तो सफाई देत नाही. उलट पहिल्या ओळीत काळीज उघडं टाकतो आणि दुसऱ्या ओळीत सभ्यपणे झाकतो: सगळ्यांशी मैत्री, सगळ्या राष्ट्रांशी. मालक वाचणार आहे, गिऱ्हाईक वाचणार आहे. ती दुसरी ओळ म्हणजे बरणीचं झाकण. भाषांतरात तो थंडपणा आला पाहिजे.

वळवाचा_पाऊस

झाकण! हे पटलं. पण मला ती ओळ थंड नाही वाटत. आपलं माणूस सापडत नाही म्हटल्यावर माणूस दिसेल त्याला आपलं म्हणतो. परदेशात पहिलं वर्ष काढलेल्या कुणालाही विचारा.

खापरपणतू

असेल. मग दोन भाषांतरं लागतील.

*

साखरझोप

दीड वर्षानं धागा वर काढतेय, कारण बातमीच तशी आहे.

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयानं या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे 2025 मध्ये, डेव्हच्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांना परत दिली. दोन्ही 1857 च्या. म्हणणं असं की डेव्हला त्याच्या कामावर कधीच हक्क नव्हता, मग विक्री कुठल्या अधिकारानं झाली? एक बरणी संग्रहालयानं वंशजांकडून रीतसर पैसे देऊन पुन्हा घेतली, दुसरी त्यांच्या संमतीनं तिथं ठेवली आहे. आणि विकत घेतलेली कुठली, माहीत आहे? जिच्यावर त्यानं लिहिलंय की ही बरणी मी रोख पैशासाठी केली, जरी पैशाला लोक कचरा म्हणतात.

डेव्हला त्या रोख पैशातलं काही मिळालं नव्हतं. 2021 मध्ये त्याची एक बरणी लिलावात साडेपंधरा लाख डॉलरच्या वर गेली होती, तेव्हाही घराण्यात काही गेलं नव्हतं.

वैदर्भीण

थांबा थांबा. वंशज सापडले? मग त्याचं गणगोत...

साखरझोप

हो. गुलामगिरी संपल्यावर 1870 च्या जनगणनेत तो 'डेव्हिड ड्रेक, चाकावरचा कारागीर' म्हणून नोंदला गेला. पहिल्यांदा आडनावासकट. वंशावळ तिथून जुळवत आणली. आजचे वारस खापरपणतूच्याही पुढच्या पिढ्यांतले आहेत.

खापरपणतू

हे नाव मी दहा वर्षांपूर्वी 'खापर'वर कोटी करायची म्हणून घेतलं होतं. आज पहिल्यांदाच कुणी सरळ अर्थानं वापरलं.

थापटणं

मंडळी, एक कबुली. गेले दोन महिने मी मेथीलाडू आणि खापर यांच्या ओळी एका बरणीवर कोरायचा प्रयत्न करतोय. बरणी लहानच, तीन लिटरची, माझी कुवत तेवढीच.

शिकलो ते असं: देवनागरी मातीवर लिहायला फार वाईट. शिरोरेखा ओढली की खांद्याभोवती सलग चीर पडते, आणि वाळताना बरणी नेमकी तिथंच फाटते. दोन अशाच गेल्या. तिसरीवर रेघ न ओढता अक्षरं सुटी सुटी लिहिली. डेव्हची ओळ इतकी सहज वळत कशी जाते ते तेव्हा कळलं. त्याची लिपी वर कशालाच टांगलेली नाही.

'गणगोत'मधला 'ण' दोनदा घसरला. दुसऱ्या ओळीला जागाच उरली नाही, त्यामुळे खापर आणि वपा यांचं भांडण आपोआप मिटलं. फक्त पहिली ओळ आहे. भट्टी शुक्रवारी उघडणार.

रांजणखळगा

फोटो टाक. फुटली असली तरी टाक.